बेडकाच्या पोटातली निळी रिबीन

मित्रांनो, एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. मी जुना आहे. खराखुरा जुना, लाथा खाऊन, आपटून, धूळ गिळून जुना झालेला. एवढं ठासून सांगायचं कारण असं, की हल्ली नव्याकोऱ्या वस्तूला आठवडाभरात जुनं करून देणारी माणसं निघाली आहेत, आणि त्यातलं एक माणूस आमच्याच घरात राहतं. त्यापायी माझ्यावर जी वेळ आली, ती वैऱ्यावरही येऊ नये.

जातीने मी गिटारचं पेडल. म्हणजे पायाने दाबायची लोखंडी डबी. गिटारची वायर माझ्या एका कानातून आत येते, दुसऱ्या कानातून बाहेर पडून स्पीकरच्या पेटीकडे जाते, आणि मधल्या मध्ये मी त्या आवाजाचं वाटोळं करतो. हो, वाटोळंच. बाकीची यंत्रं बिघडलेलं सुधारायला जन्माला येतात. मी चांगल्या गोड आवाजाचा घसा बसवायला आलो. माझ्यातून निघालेला सूर खरखरतो, फुगतो, लांबच लांब ताणला जातो. ज्यांना तो आवडतो ते वेडे होतात. ज्यांना आवडत नाही ते पंखा बिघडला की काय, हे बघायला उठतात.

माझा जन्म एका गॅरेजच्या माडीवर झाला. तिथे लांबलचक टेबलाशी बसून बायका सोल्डरिंग करायच्या आणि दिवसभर एकमेकींच्या सासवांची चौकशी करायच्या. मला जोडणाऱ्या बाईला त्या दिवशी सडकून सर्दी झाली होती. ऐन टाका घालताना तिला शिंक आली आणि माझ्या आतली एक तार जी वाकडी बसली ती आजतागायत वाकडीच आहे. आमच्या वर्गातल्या सगळ्यांना चंदेरी रंग मिळाला. माझ्या वेळेला तो संपला, म्हणून खालच्या गॅरेजच्या शटरला लावून उरलेला हिरवा रंग मला फासला. नशीब म्हणायचं आणि गप्प बसायचं.

मला विकत घेतलं लंबूने. लंबू म्हणजे एका गाण्याच्या टोळीतला गिटारवाला. उंची एवढी, की मान वाकवल्याशिवाय त्याला मी दिसायचोच नाही. पहिल्या दिवशी त्याने मला दाबलं आणि तार छेडली, तसा मागे बसलेला ढोलवाला म्हणाला, "काय रे, बेडूक गिळलास का?" रंग हिरवा, आवाज असा, तेव्हापासून माझं नाव बेडूक पडलं. मला आधी राग आला होता. पण पुढे लोक "बेडूक वाजव, बेडूक वाजव" म्हणून ओरडायला लागले, तेव्हा राग गेला. माणूस काय आणि डबी काय, कौतुकापुढे सगळे सारखेच.

ते दिवस छान होते. लग्नाचे हॉल, कॉलेजची संमेलनं, हॉटेलांच्या गच्च्या, सगळीकडे आम्ही जायचो. लंबूची बायको आणि लहानगी मुलगीही कधीकधी बरोबर असायच्या. मुलीला सगळे चिमणी म्हणायचे. ही चिमणी स्पीकरच्या पेटीमागे चादरीवर गाढ झोपायची. माझ्या आवाजात झोपू शकणारं दुसरं मूल मी पाहिलेलं नाही.

एकदा कार्यक्रम सुरू व्हायच्या तोंडावर माझ्या पोटातली बॅटरी खडखडायला लागली. तिला धरून ठेवणारी पट्टी तुटली होती. लंबूने इकडेतिकडे पाहिलं, दोरा मिळेना, सुतळी मिळेना. मग त्याने शेजारी उभ्या असलेल्या चिमणीच्या एका वेणीची निळी रिबीन सर्रकन ओढली आणि माझं पोट उघडून बॅटरी तिने करकचून बांधून टाकली. चिमणी अख्खा कार्यक्रमभर एक वेणी बांधलेली आणि एक सुटलेली अशी बसून भोकाड पसरत होती. "उद्या परत देतो," असं लंबू म्हणाला होता. तो उद्या काही उजाडला नाही.

त्याच सुमारास टोळीची एक कॅसेट निघाली. तिच्यात मी भरपूर डरॉव केलं आहे. फार खपली नाही, पण ज्यांच्या घरी पोचली त्यांनी ती जपली. ही कॅसेट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग व्हायचं तेच झालं. गाणारा विमा विकायला लागला, ढोलवाला सासऱ्याच्या दुकानात बसला. लंबूने मला कपाटात टाकलं आणि बॅटरी पोटातच राहू दिली. मित्रांनो, बॅटरी सुद्धा म्हातारी होते आणि म्हातारी झाली की गळते. माझ्या आतड्यांवर पांढरी बुरशी चढली. पण दुःख सांगत बसलो तर रात्र पुरायची नाही, म्हणून थोडक्यात उरकतो.

कपाट आवरताना लंबूच्या बायकोच्या हाती मी लागलो. तिला आपण आई म्हणू, कारण घरात सगळे तिला तेच म्हणतात, हल्ली लंबूसुद्धा. आई हिशेबी बाई. तिने मला हातात घेऊन वजन पाहिलं आणि अक्रोड फोडायला ठेवून दिलं. माझ्या डाव्या कोपऱ्यावर एक खोल खड्डा आहे तो अक्रोडाचा. लंबू मात्र पाहुण्यांना सांगतो, की एका कार्यक्रमात लोक इतके पेटले की कुणीतरी मला उचलून स्टेजवर आपटलं. आई आतून ओरडते, "अक्रोड!" लंबू ऐकू न आल्यासारखं करतो. अक्रोडाचा हंगाम संपला की मी गॅलरीच्या दाराला अडण म्हणून असायचो. वाऱ्याने दार आपटू नये एवढीच माझी नोकरी.

एव्हाना चिमणी मोठी झाली होती. लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत ती बटणांच्या पॅनलची दुरुस्ती करायची. चांगली कायमची नोकरी, कंपनीचा डबा, वर्षाला छत्री. एका सुट्टीच्या दुपारी दाराशी ठेच लागली म्हणून ती खाली वाकली, आणि जिची ठेच लागली ती वस्तू मी होतो. तिने मला उलटंपालटं करून पाहिलं, स्क्रू काढले आणि माझ्या पोटातली ती मळकी निळी रिबीन बघून जमिनीवर फतकल मारून बसली. मग तिने व्हिनेगर आणलं आणि टूथब्रशने माझी बुरशी घासून काढली. टूथब्रश लंबूचा होता, हे त्याला अजून माहीत नाही. नवी बॅटरी तिने त्याच रिबिनीने बांधली, माळ्यावरची गिटार काढली, वायरी जोडल्या आणि मला दाबलं.

डरॉव!

आत पेपर वाचत बसलेल्या लंबूच्या हातून पेपर गळून पडला. तो बाहेर आला, चिमणीच्या हातून गिटार घेतली आणि संध्याकाळपर्यंत वाजवत राहिला. बोटं पार आखडली होती, तरी थांबेना. खालच्या मजल्यावरच्यांनी पंखा तपासून घेतला असणार.

तिथून चिमणीच्या डोक्यात किडा शिरला. माझ्यासारखं पेडल आता कुठे बनत नाही, आणि जुनं हवं असलेले लोक मात्र पुष्कळ आहेत. मग आपण का बनवू नये? तिने लिफ्टची नोकरी सोडली आणि मागच्या खोलीत टेबल मांडलं. आईने डोक्याला हात लावला. छत्रीचं तिला जास्त वाईट वाटलं.

आता हे काम दिसतं तेवढं सोपं नाही, मित्रांनो. माझ्या पोटात जे ट्रान्झिस्टर आहेत, तीन पायांच्या टोप्या म्हणा हवं तर, ते फार जुन्या धाटणीचे. नवे मिळत नाहीत. कुणाच्या गोदामात पडलेले मूठ-मूठ विकत घ्यायचे, एकेक तपासायचा आणि त्यातला एखादाच कामाचा निघायचा. त्यात त्यांना उकाडा सोसत नाही. गरम झाले की सूर सोडतात. म्हणून चिमणीने ते अंड्यांच्या ट्रेमध्ये रांगेने लावून फ्रिजमध्ये ठेवले. अंडी ओट्यावर आणि टोप्या फ्रिजमध्ये, असं ते घर. आई म्हणायची, "एक दिवस मी याचं ऑम्लेट करीन आणि तुम्हाला वाढीन."

शिवाय गिऱ्हाइकांना नुसता जुना आवाज नको असतो, जुनं रूपही हवं असतं. हे मला आजतागायत कळलेलं नाही. चिमणी नव्या डबीला छान रंग द्यायची, तो वाळला की पॉलिश पेपरने घासायची, किल्लीने ओरखडे काढायची, ओल्या वाळूत पुरून ठेवायची. जो ओरखडा मिळवायला मला वर्षानुवर्षं लाथा खाव्या लागल्या, तो तिच्या हातून चहा निवायच्या आत तयार. माझ्या कोपऱ्यावरच्या खड्ड्याची नक्कल हातोडीने काही केल्या जमेना. शेवटी तिने आईला विचारलं आणि बाजारातून पोतडी भरून अक्रोड आणले. मग प्रत्येक नव्या पेडलाने अक्रोड फुटायला लागले आणि सकाळ-संध्याकाळ घरात अक्रोड खाल्ले जायला लागले. लंबूला अक्रोड पचत नाहीत. पण त्यावर तो तक्रार तरी काय करणार? खड्डा स्टेजवरचा आहे असं सांगून बसला होता ना!

पेडलं बरी खपत होती. अडलं होतं ते नावापाशी. चिमणीला त्यांना 'बेडूक' हे नाव द्यायचं होतं आणि लंबूने बजावलं होतं, की मी हो म्हणेपर्यंत ते नाव कशालाही द्यायचं नाही. चिमणीने शब्द दिला. तेव्हापासून तिचा जीव त्या एका 'हो'त अडकला होता. गिऱ्हाइकं वाहवा करत होती, पण तिला ती वाहवा पुरत नव्हती. ज्या आवाजात ती लहानपणी झोपली होती तो तिला परत बनवायचा होता आणि बनला की नाही हे सांगणारा माणूस घरात एकच होता.

प्रत्येक नवं पेडल झालं की ती लंबूला बोलवायची. तो स्टुलावर बसायचा, चष्मा पुसायचा, मला बघायचा, त्याला बघायचा. आधी मला वाजवायचा आणि मान डोलवायचा. मग नव्याला वाजवायचा आणि ओठ मुरडायचा. "चांगलं आहे गं. पण यात जीव नाही." जीव म्हणजे नेमकं काय, असं चिमणी विचारायची, म्हणजे तिला कुठला भाग बदलायचा ते कळलं असतं. लंबू म्हणायचा, "ते सांगता येत नाही, ऐकू यावं लागतं." झालं! पुन्हा सगळं उकलायचं आणि पुन्हा जोडायचं. बिचारीच्या नाकी नऊ आले होते.

अशात एका दाढीवाल्याची मागणी आली. हा परगावचा एक गिटारवाला. त्याच्याकडे ती कॅसेट होती, बरं का, मघाशी सांगितलेली. त्याला त्या कॅसेटमधलं पेडल हवं होतं, ओरखड्यांसकट हुबेहूब. चिमणी हट्टाला पेटली. तिने माझी प्रत्येक चीर कागदावर उतरवली. वाकडी तारसुद्धा तशीच वाकडी लावली. त्यासाठी नाकात तपकीर घालून शिंकायचं तेवढं बाकी ठेवलं. पेडल तयार झालं तेव्हा मी स्वतः दचकलो. आरशात पाहावं तसं ते होतं.

लंबू आला, बसला, चष्मा पुसला, दोघांना वाजवलं. म्हणाला, "दिसायला डिट्टो. पण नाही गं पोरी. हा तो नाही."

त्या दिवशी चिमणीने पहिल्यांदाच 'जीव म्हणजे काय' असं विचारलं नाही. मोरीत जाऊन बराच वेळ हात धूत राहिली. मग आईला म्हणाली, की एवढी मागणी पोचती केली की बस. लिफ्टवाले अजून बोलावताहेत, मी परत जाते. मला फार वाईट वाटलं. कारण मित्रांनो, त्या नव्या पेडलात जीव होता. त्याच्या शेजारी बसून मी ऐकला होता. पण माझं ऐकतो कोण? मला कुणी दाबलं तर मी बोलणार आणि बोललो तर डरॉव.

दुसऱ्या दिवशी पार्सलवाला यायचा होता. घोटाळा नको म्हणून चिमणीने नव्या पेडलाच्या बुडाला पांढरी चिकटपट्टी लावून ठेवली होती. आईने सकाळी टेबल पुसायला घेतलं. पट्टी दिसली, तिला चिकटलेली धूळ दिसली, आणि आईने ती खरवडून काढून टाकली. वर ओल्या फडक्याने आम्हां दोघांना लख्ख पुसून शेजारी शेजारी मांडलं. पार्सलवाला खाली हॉर्न वाजवत होता. चिमणी धावत आली आणि थबकली. पट्टी नाही. ओरखडे तेच, खड्डा तोच. स्क्रू काढून आत पाहायला वेळ नव्हता. मग तिने अक्कल लढवली: जो जास्त जुना दिसतो तो आपला.

आणि मित्रांनो, जास्त जुना तो दिसत होता! ओल्या वाळूत पुरलेला, व्हिनेगर पाजलेला, किल्लीने खरवडलेला तो लबाड माझा थोरला काका शोभत होता. तिने त्याला फळीवर ठेवलं आणि मला खोक्यात. आत मी जिवाच्या आकांताने गप्प होतो, कारण दुसरं काही मला जमत नाही.

दाढीवाल्याचं घर ऐसपैस होतं. कपाटभर पेडलं, सगळी जुनाट दिसणारी आणि सगळी माझ्या नातवंडांच्या वयाची. त्याने कॅसेट लावली. बऱ्याच काळाने मी माझाच तरुणपणीचा आवाज ऐकला आणि मला भरून आलं. मग त्याने मला जोडलं आणि वाजवलं. मी सर्व शक्ती लावली. कॅसेटमध्येही मी, जमिनीवरही मी. याहून हुबेहूब जगात काय असणार?

दाढीवाल्याने दाढी खाजवली. पुन्हा कॅसेट, पुन्हा मी. मग त्याने फोन लावला.

"मॅडम, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला, "पण मजा नाही आली. अस्सल जुन्याची सर नाही याला. आणि ओरखडे फारच खोटे वाटतात. तो कोपऱ्यावरचा खड्डा तर अगदीच बनावट. असा खड्डा स्टेजवर पडतो का कधी?"

खड्ड्याबद्दल तो बरोबर बोलत होता, एवढं मी मान्य करीन. बाकी ऐकून माझ्या अंगाची लाही लाही झाली. चिमणी पलीकडून माफी मागत होती, परत पाठवा म्हणत होती. तो फोन ठेवणार, तेवढ्यात त्याला आठवलं.

"आणि मॅडम, आतून जरा स्वच्छ तरी द्यायचं. मी उघडून पाहिलं, तर बॅटरीला कसली तरी मळकी निळी रिबीन गुंडाळलेली."

पलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला. दाढीवाला हॅलो हॅलो करत राहिला. मग चिमणी म्हणाली, "जसं आहे तसं परत पाठवा. रिबिनीला हात लावू नका."

इकडे घरी काय झालं, ते मला आईमुळे कळलं. तिने ती हकीकत येणाऱ्या-जाणाऱ्याला इतक्या वेळा सांगितली आहे, की आता मला ती मी डोळ्यांनी पाहिल्यासारखी वाटते. पार्सल गेल्यापासून लंबू अस्वस्थ होता. आपल्या 'नाही'मुळे पोरगी काम सोडतेय हे त्याला दिसत होतं. म्हणून तो रोज दुपारी फळीवरच्या 'बेडका'ला घेऊन बसायचा आणि स्वतःचीच समजूत घालत आईला सांगायचा, "ऐकलंस? याला म्हणतात जीव. हे तिला कसं जमावं? हे एकदाच होतं." आई अक्रोड निवडत हूं हूं करायची. फोन ठेवून चिमणी त्या खोलीच्या दाराशी आली तेव्हा त्याचं हेच चाललं होतं. जो आवाज तिला जन्मात जमायचा नाही म्हणून तो गहिवरून ऐकत होता, तो तिनेच जमवलेला होता. चिमणी तोंडावर ओढणी दाबून हसली, मग तिथेच भिंतीला टेकून रडली. लंबूला काही म्हणाली नाही. काखेत कळसा असलेल्या माणसाला गावाला वळसा घालू दिला, आणि माझी वाट पाहिली.

मी परत आलो. खोक्यावर जाड पेनाने 'नापसंत' लिहिलं होतं. चिमणीने मला बाहेर काढून त्या दुसऱ्याच्या शेजारी ठेवलं आणि बाबांना हाक मारली. लंबू आला. आपली भविष्यवाणी खरी ठरल्याचा आनंद त्याच्या तोंडावर नव्हता; उलट तो चोरासारखा आला.

"बाबा, यातला आपला बेडूक कुठला?"

"हा काय विचारायचा प्रश्न झाला?" लंबूने त्या दुसऱ्याच्या पाठीवरून हात फिरवला. "हा. झोपेत उठवलंस तरी सांगेन."

चिमणीने स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि आम्हां दोघांचं बूड उघडलं. ज्याच्या पाठीवर लंबूचा हात होता त्याच्या पोटात कोरी पट्टी, कोरी बॅटरी. माझ्या पोटात ती रिबीन.

लंबूने वाकून त्या रिबिनीला बोट लावलं. मग हळूच म्हणाला, "म्हणजे मी इतके दिवस..."

"हो," दारातून आई म्हणाली.

मला वाटलं आता तो चिडेल, नाहीतर काहीतरी थाप मारून सुटेल. तो थापाड्याच आहे. पण तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "माझे डोळे बांध." आईने टॉवेल आणला आणि घट्ट गाठ मारली, कारण हा माणूस फटीतून बघतो हे तिला लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. चिमणी कधी मला जोडायची, कधी त्याला. लंबू वाजवायचा, थांबायचा, "परत" म्हणायचा. इतक्या खेपा झाल्या त्याच्या, पण नुसत्या कानांनी तो पहिल्यांदाच ऐकत होता. आतापर्यंत तो आधी बघायचा आणि मग ऐकायचा.

शेवटी त्याने टॉवेल वर सरकवला. डोळे ओले होते.

"नाही सांगता येत मला," तो म्हणाला. "मला भीती वाटायची गं. बेडूक घरोघरी झाला, तर माझं म्हणून काय उरलं? ती टोळी गेली, बोटं गेली. हा एक आवाज तेवढा माझा होता."

चिमणी त्याच्यासमोर जमिनीवर बसली. "बाबा, मला दुसरा कुठला आवाज बनवताच आला नसता. मला तेवढाच पाठ आहे."

लंबूने नाक ओढलं. मग आईकडे वळून विचारलं, "अगं, घरात निळी रिबीन आहे का?"

रिबीन नव्हती. आई चपला घालून खाली गेली आणि दुकानातून अख्खं रीळ घेऊन आली. लंबूने एक तुकडा कापला, त्या दुसऱ्याच्या पोटातली कोरी पट्टी काढली आणि बॅटरी रिबिनीने बांधली. माझ्या पोटात आहे तशीच, तीच गाठ. 'हो' हा शब्द त्याने आजपर्यंत तोंडातून काढलेला नाही. पण चिमणीने त्याच संध्याकाळी डबीवर 'बेडूक' असं लिहिलं आणि लिफ्टवाल्यांना कळवून टाकलं, की छत्री दुसऱ्या कुणाला तरी द्या.

ते पेडल दाढीवाल्याला गेलं. पोचल्याबरोबर त्याचा फोन. "मॅडम, आता कसं! याला म्हणतात अस्सल जुनं! आणि या वेळी रिबीनही स्वच्छ आहे." मी फळीवर होतो, सगळं ऐकलं आणि गिळलं.

तेव्हापासून प्रत्येक नव्या बेडकाच्या पोटात लंबू स्वतः रिबीन बांधतो. त्याशिवाय पार्सल निघत नाही. मी फळीवर मानाने बसतो, पोटात बॅटरी नसते. हवं तेव्हा घालतात, वाजवून झालं की काढतात. गॅलरीच्या दाराला अडण म्हणून आता एक फसलेला नमुना आहे. अक्रोड अजून फुटतात. माझ्या खड्ड्याबद्दल लंबू आता पाहुण्यांना खरं सांगतो, म्हणजे आई घरात असली तर.

तर मित्रांनो, जाता जाता दोन गोष्टी मागतो. एखादी वस्तू कपाटात ठेवताना तिच्या पोटातली बॅटरी आठवणीने काढा. आणि तुमच्या घरात कुणी जीव ओतून काही बनवलं आणि 'कसं झालंय?' म्हणून तुमच्यासमोर आणून ठेवलं, तर आधी डोळे मिटा आणि मग ऐका. हे मी लंबूला पहिल्याच दिवशी ओरडून सांगितलं होतं. त्याला वाटलं, मी नुसता वाजतोय.

माझ्या पोटातली रिबीन मात्र चिमणीने कुणालाही बदलू दिलेली नाही. परवा लंबूने रिळातला नवा तुकडा चिमणीसमोर धरला आणि म्हणाला, "घे, तुझी परत करतो." केस आखूड कापलेल्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या चिमणीने मान हलवली.

"ही नको," ती म्हणाली. "माझी जिथे आहे तिथे बरी आहे."